ताटाची डावी बाजू

शिवगंगाबाईंच्या हातचं जेवण अळणी आहे, असं म्हणायची उदगीरमध्ये कुणाची छाती नव्हती. नवऱ्याची तर नव्हतीच. रेवणप्पा उभ्या जन्मात मान खाली घालून, पुढ्यात येईल ते गोड मानून जेवत आलेले. त्यामुळे एका दुपारी भाकरीचा तुकडा मोडता मोडता त्यांनी "मीठ वाढायचं इसरलीस का?" असं विचारलं, तेव्हा बाईंना आधी हसूच आलं. मीठ ताटात होतं, आणि जिथं असायला हवं तिथंच होतं. डाव्या बाजूला मीठ, त्याच्याजवळ लिंबाची फोड, मग शेंगदाण्याची चटणी, मग काकडीची कोशिंबीर. उजवीकडे दोडक्याची भाजी आणि आमटीची वाटी. मधे भाकरी. ताट वाढायला त्या सासूच्या हाताखाली शिकल्या होत्या आणि सासूबाई अशा कडक, की मिठाच्या जागी लिंबू गेलं तरी ताट परत पाठवायच्या.

"हे काय, हाय की," बाई म्हणाल्या.

रेवणप्पांनी मान वळवली, पण उजवीकडे. बाई बसल्या होत्या त्यांच्या डाव्या हाताला. लग्नात ज्या अंगाला बसल्या तीच त्यांची जेवतानाची जागा, ती कधी बदलली नव्हती. उजवीकडच्या भिंतीवर एक कॅलेंडर होतं. त्या कॅलेंडरकडे बघत रेवणप्पा कुरकुरले, "कुटं हाय? चटणी न्हाई, लिंबू न्हाई. आजाऱ्याला वाढल्यावानी वाढलंय." मग त्यांनी भाजी संपवली, आमटी संपवली, भाकरीचा उजवा अर्धा संपवला आणि ते हात धुवायला उठले. डावा अर्धा ताटात तसाच राहिला. अन्न टाकणं या घरात पाप होतं, आणि ते पाप घरातल्या सगळ्यात देवभोळ्या माणसानं केलं होतं. बाईंनी ती अर्धी भाकरी उचलली आणि चटणीबरोबर स्वतः खाल्ली. चटणी चांगली तिखटजाळ होती. पुढं हे रोजचंच झालं.

आता खरं तर त्याच दिवशी कुणीतरी विचारायला हवं होतं की बाबा, हे काय चाललंय. पण बाईंच्या हाताशी एक कारण आयतंच होतं. थोड्याच दिवसांपूर्वी त्या नवऱ्याला बोलून बसल्या होत्या. रेवणप्पांची मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, आडत. शेतकऱ्यांची तूर, हरभरा, सोयाबीन त्यांच्या दुकानी उतरायचं. मूठभर दाणे डाव्या तळहातावर घेऊन उजव्या बोटानं पसरले, की त्यात खडा किती आणि ओल किती ते सांगायचे, आणि त्यांनी सांगितल्यावर पुन्हा कुणी विचारत नसे. वय झालं तरी रोज सकाळी ढिगाजवळ उभे. बाईंना त्यांच्या गुडघ्यांची काळजी, म्हणून त्या म्हणाल्या, "आता संगूला बसू द्या गादीवर. किती दिवस हुबं ऱ्हाणार?" संगू म्हणजे त्यांचा मुलगा संगमेश्वर. रेवणप्पा त्यावर काही बोलले नाहीत. पायात चप्पल सरकवली आणि गेले. बोलले असते तर भांडण तरी झालं असतं, न बोलल्यामुळे बाईंच्या जिवाला घोर लागला.

म्हणून मिठाचं ऐकल्यावर त्यांनी ओळखलं, म्हणजे त्यांना तसं वाटलं, की हा राग आहे. आणि एकदा राग म्हटलं की मग सगळंच रागात बसायला लागलं. त्या डावीकडून काही बोलल्या की रेवणप्पा उजवीकडे बघायचे. क्षणभर शोधल्यासारखं करायचे आणि गप्प बसायचे. 'तोंड फिरवतायत,' बाई मनात म्हणायच्या. स्वयंपाकघरातून समोरून आल्या तर मात्र हसून बोलायचे, आणि त्याचाही बाईंना रागच यायचा. आत एक, बाहेर एक! नातवंडं खेळवायच्या वयात नवऱ्यानं आपल्याला असं डावलावं? त्या दोन-तीनदा पदराला डोळे पुसून आल्या. कुणाला कळू दिलं नाही.

कपाळाचं तेवढं त्यांना कोडं पडलं होतं. रेवणप्पा रोज सकाळी आंघोळ करून गळ्यातलं इष्टलिंग डाव्या तळहातावर घेत, त्याची पूजा करत, त्याच्याकडे टक लावून बसत आणि मग कपाळाला भस्माच्या तीन आडव्या रेघा ओढून बाहेर येत. हल्ली त्या रेघा कपाळाच्या मधोमध थांबायच्या. उजवीकडे ठसठशीत, डावीकडे कपाळ कोरं. दाढीचंही तेच. उजवा गाल गुळगुळीत, डाव्यावर पांढरे खुंट. बाई काही न बोलता अंगठ्याला भस्म लावून त्या रेघा पुऱ्या करायच्या. राग असला तरी नवऱ्याला अर्ध्या कपाळानं मोंढ्यात कसं जाऊ द्यायचं? रेवणप्पाही मुकाट्यानं कपाळ पुढे करायचे. या रागाला कपाळ चालतं आणि चटणी चालत नाही, हे काही बाईंच्या गणितात बसत नव्हतं.

मग एक दिवस संगमेश्वर दुकानातून आला तो उतरलेल्या चेहऱ्यानंच. "अव्वा, अप्पाला दिसंना गेलंय बग," तो आईला हळूच म्हणाला. "आज तुरीचा नमुना हातावर घेतला. हाताच्या एका अंगाला नुसते खडे. अप्पा म्हणले, माल एक नंबर. ज्याची तूर होती त्योच लाजला."

डोळे म्हटल्यावर आधी चष्मा बदलला, आपल्याकडची ती रीतच आहे. स्टेशनजवळच्या चष्म्याच्या दुकानात रेवणप्पांनी भिंतीवरची अक्षरं वाचली. अगदी शेवटची बारीक ओळसुद्धा वाचली. फक्त प्रत्येक ओळ निम्म्यातून सुरू केली. "अप्पाला लई घाई हाय," दुकानदार हसून म्हणाला, आणि त्यानं नवा चष्मा दिला. नव्या चष्म्यातून रेवणप्पांना जुनंच दिसायला लागलं. घरी आल्यावर त्यांनी पहिलं वाक्य उच्चारलं ते असं: "आजबी मीठ न्हाई का?"

बाईंची सहनशक्ती तिथं संपली. "सृष्टी, उद्यापासून तूच वाढ गं तुझ्या सासऱ्याला. माझ्या हाताला चव ऱ्हायली न्हाई," त्या सुनेला म्हणाल्या, मुद्दाम सासऱ्याला ऐकू जाईल अशा आवाजात. सृष्टी मुरुडची. लग्न होऊन अजून वर्षसुद्धा झालं नव्हतं. माहेरी सगळे टेबलावर जेवायचे आणि ज्याचं त्यानं वाढून घ्यायचे. तिनं ओट्यावर ताट वाढलं, ते सासूनं शिकवल्याप्रमाणे अगदी बिनचूक. पण चटईवर बसलेल्या सासऱ्यापुढे ते ठेवलं समोरून, जसं हातात होतं तसंच. म्हणजे तिच्या बाजूनं पाहिलं तर ताट बरोबर, आणि रेवणप्पांच्या बाजूनं पाहिलं तर पार उलटं. चटणी, कोशिंबीर, मीठ उजवीकडे, भाजी आणि आमटी डावीकडे.

डाव्या हाताला बसलेल्या बाईंच्या जिभेवर "अगं, सासऱ्याला असं ताट ठेवत्यात व्हय?" हे आलंच होतं. तोंड उघडणार, इतक्यात रेवणप्पांनी चटणीला बोट लावून चाटलं आणि त्यांचा चेहरा खुलला.

"वा! आज चटणी झकास. मीठ हाय, लिंबू हाय. शिकली बाबा पोरगी." मग त्यांनी ताटावरून नजर फिरवली. "पन सृष्टी, भाजी केली न्हाईस का आज?"

भाजीची वाटी बाईंच्या गुडघ्याजवळ होती. वाफ निघत होती तिच्यातून. बाईंनी नवऱ्याच्या तोंडाकडे पाहिलं. तिथं राग नव्हता, थट्टा नव्हती. भुकेला माणूस भाजी शोधत होता, बस्स. बाईंनी हात पुढे केला आणि जात्याचा पाळू फिरवावा तसं ते ताट हळूहळू गोल फिरवलं. भाजी उजवीकडे गेली, चटणी डावीकडे आली.

"हां, हाय की भाजी," रेवणप्पा समाधानानं म्हणाले. "आन चटणी कुटं नेली?"

सृष्टीला वाटलं, मामंजींनी गंमत केली. ती खुदकन हसली. मग तिचं लक्ष सासूच्या चेहऱ्याकडे गेलं आणि तिचं हसू मावळलं. बाईंनी ताट पुन्हा फिरवलं. चटणी आली, भाजी गेली. शिवगंगाबाई घाबरल्या, आणि, सांगू नये पण सांगतो, त्याच वेळी त्यांच्या छातीवरचा एक मोठा धोंडा खाली आला. हा माणूस आपल्यावर रागावलेला नाही! त्याला आपण दिसतच नाही. नवऱ्याचं काहीतरी बिघडलंय याचा आपल्याला आनंद होतोय, हे लक्षात आल्यावर त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की त्या उठून देवघरात गेल्या, देवापुढे डोकं टेकलं आणि बाहेर येऊन मुलाला म्हणाल्या, "गाडी काढ. लातूरला जायचंय."

लातूरला डॉ. महादेवी म्हणून डोळ्यांच्या डॉक्टर होत्या. पन्नाशीच्या, मोठ्यानं हसणाऱ्या. त्यांनी रेवणप्पांची हनुवटी एका पांढऱ्या गोल भांड्यासारख्या यंत्रात ठेवली आणि हातात बटण दिलं. आत कुठं बारीक उजेड चमकला की दाबायचं. रेवणप्पांनी पोरासारखं मन लावून दाबलं. मग यंत्रातून कागद आला, तर त्यावरचा उजवा अर्धा स्वच्छ आणि डावा अर्धा जवळजवळ काळा. बाईंनी तो कागद पाहिला आणि त्यांना अर्ध्या भस्माचं ते कपाळ आठवलं. त्यानंतर डोक्याचा फोटो झाला, मेंदूच्या डॉक्टरांनी तपासलं. डोक्यात उजव्या बाजूची एक बारीक रक्तवाहिनी काही आठवड्यांपूर्वी गुपचूप बंद झाली होती. दुखलं नाही, खुपलं नाही, हातपाय शाबूत. गोळ्या सुरू झाल्या. पुढचा मोठा झटका बहुतेक टळेल, वेळेवर आलात, असं ते डॉक्टर म्हणाले. सृष्टीच्या उलट्या ताटाला बाईंनी मनातल्या मनात हात जोडले.

दुसऱ्या दिवशी सकाळी महादेवींनी नवराबायकोला समोर बसवलं.

"अप्पा, तुमचे डोळे माझ्यापेक्षा चांगले आहेत."

"मग दिसंना का गेलंय?" रेवणप्पांनी विचारलं. आपल्याला दिसत नाही हे त्यांना अजून पटलं नव्हतं. सगळे म्हणतात म्हणून ते म्हणत होते.

"माणसाला दिसतं कुठं, सांगा बरं?"

"डोळ्यात. आनखी कुटं?"

"तिथंच तर सगळे फसतात. माझे वडील तूर घेऊन तुमच्याच मोंढ्यात यायचे, म्हणून मोंढ्याचंच सांगते. डोळा म्हणजे फाटकातून आत येणारी गाडी. माल आणायचा, एवढंच तिचं काम. आणि आणते तोही कसा, तर उलटा! डोळ्यात पडणारं चित्र खालचं वर आणि डावीकडचं उजवीकडे असं असतं. पोती सोडायची, चाळायची, रंग एकीकडे, आकार एकीकडे, काय हलतंय ते एकीकडे, आणि मग सगळं जुळवून सुलट ढीग लावायचा, ही मेहनत डोक्यात मागच्या अंगाला चालते. मेंदूत. डावीकडचा सगळा माल, मग तो कुठल्याही डोळ्यानं आणलेला असो, मेंदूच्या उजव्या बाजूला उतरतो. तिथले हमाल आजारी पडलेत. गाड्या येतायत, माल उतरवायला कुणी नाही."

रेवणप्पा विचारात पडले. धंद्याची गोष्ट निघाल्यावर त्यांचं डोकं बरोबर चालायला लागायचं. "पन मग गादीवरल्याला कळाया नको, की माल आला न्हाई म्हनून?"

"तीच तर गोम आहे!" डॉक्टरांनी टेबलावर थाप मारली. "माल राहिलाय, हे ओरडून सांगणारासुद्धा त्याच बाजूचा. तोही आजारी. म्हणून तुम्हाला अंधार दिसत नाही, पडदा दिसत नाही. आलंय तेवढंच जग, असं वाटतं. त्या बाजूचं थोडं दिसणं गेलंय आणि त्या बाजूला बघायचं ध्यानसुद्धा गेलंय."

"म्हंजे यांना येडंबिडं..." बाईंनी घाबरून विचारलं.

"अजिबात नाही. बरं आई, तुम्हाला सगळं दिसतं?"

"दिसतं की."

महादेवींनी कागदावर एक फुली काढली आणि तिच्या उजवीकडे, वितीच्या निम्म्या अंतरावर, एक ठसठशीत ठिपका काढला. "डावा डोळा हातानं झाका. उजव्या डोळ्यानं फुलीकडंच बघायचं, ठिपक्याकडं चोरून बघायचं नाही. आता कागद लांबून हळूहळू जवळ आणा."

बाईंनी कागद जवळ आणला. आणला, आणला, आणि एका जागी त्या किंचाळल्याच. "अगं बाई! गेला की! ठिपका गेला!"

"तिथं काय आहे? भोक पडलंय?"

"न्हाई. कोरा कागद हाय."

"तो कागद तुमच्या डोळ्यानं पाहिलेलाच नाही, आई. डोळ्यातून मेंदूकडं जाणारी शीर जिथून निघते, तिथं डोळा आंधळा असतो. प्रत्येकाचा, जन्मापासून. मेंदू आजूबाजूचा कागद बघतो आणि तसाच कागद तिथं भरून टाकतो. तुम्हाला पत्ता लागू देत नाही. जन्मभर असं रफू करत बसलाय तो."

बाईंनी ठिपका घालवला, परत आणला, पुन्हा घालवला. मग कागद खाली ठेवून त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. नवऱ्याच्या मनातलं सगळं आपल्याला दिसतं, असा त्यांचा इतके दिवस समज होता. न दिसलेल्या जागी त्यांनी राग भरून टाकला होता. तसाच, पत्ता लागू न देता.

"बरं हुईल का?" त्यांनी विचारलं.

"थोडं परत येईल, किती ते मी खोटं सांगणार नाही. पण शिकवता येतं. मान वळवून डावीकडं शोधायची सवय लावायची. रस्ता एकट्यानं ओलांडायचा नाही, गॅसजवळ जायचं नाही, ही पथ्यं पाळा. बाकी मात्र सगळं डावीकडं आहे तिथंच राहू द्या. दया येऊन सगळं उजवीकडं आणून दिलंत, तर ती बाजू कायमची झोपेल. सुरुवातीला खुणावा, आवाज द्या. पुढं आवाज न देता त्यांनी स्वतःहून वळून शोधलं, तर समजा हमाल कामावर आले."

परतीच्या वाटेवर बाई गाडीच्या काचेतून बघत बसल्या. हरभरा फुलावर आला होता. लांब एक शेतकरीण डोक्यावर भारा घेऊन बांधावरून चालली होती, तिच्या मागं कुत्रं. बाईंनी हे जन्मभर पाहिलं होतं आणि कधी पाहिलं नव्हतं. हिरवा रंग एकीकडून, कुत्र्याचं चालणं एकीकडून, आणि हे सगळं आत कुणीतरी क्षणाक्षणाला जुळवतंय, उलट्याचं सुलट करतंय, भोकं बुजवतंय. मजुरी नाही, सुट्टी नाही. त्यांनी आजवर देवाकडे मुलगा मागितला, पाऊस मागितला, सून मागितली. दिसतंय म्हणून हात जोडल्याचं मात्र त्यांना आठवेना. त्यांना भरून आलं. शेजारी रेवणप्पा डोळे मिटून बसले होते आणि त्यांच्याही डोक्यात, निम्मे का होईना, ते हमाल राबत होते.

घरी आल्यावर सृष्टी म्हणाली, "अव्वा, जेवताना तुमी अप्पांच्या उजवीकडं बसा ना. तिकडून तर दिसताव त्यांना." पोरीनं चांगल्या मनानं सांगितलं. आणि बाई एक दिवस बसल्यासुद्धा. काय सांगावं त्या जेवणाचं! रेवणप्पा त्यांच्याकडे बघून बोलले, हसले, मोंढ्यातली एक जुनी गोष्ट सांगितली. बाईंना वाटलं, असंच राहावं. कशाला ती डावी बाजू? पण दुसऱ्या दिवशी त्या उठून पुन्हा आपल्या जागी, डावीकडे, न दिसणाऱ्या बाजूला जाऊन बसल्या. सृष्टीनं पाहिलं तर म्हणाल्या, "मीच जागा सोडली तर त्यांनी हिकडं बघायचं कशापायी?"

मग सुरू झाली ती शिकवणी. बाई बोटानं ताटाची डावी कड वाजवायच्या. "हिकडं. आनखी हिकडं." रेवणप्पांची मान अर्ध्यात अडायची, जणू पुढे भिंत आहे. कधी लिंबापर्यंत पोचायचे, कधी कोशिंबिरीवरच थांबायचे. एकदा वैतागून म्हणाले, "मला काय ल्हान लेकरू समजून राहिलीस?"

"लेकरू असतात तर कान धरून फिरवलं असतं," बाई म्हणाल्या.

कान धरायची वेळ आली नाही, कारण युक्ती रेवणप्पांनाच सापडली. दुकानात जायला बंदी, म्हणून ते अंगणात बसून तळहातावर तूर घेऊन बघत. हाताचा डावा भाग त्यांना सापडायचाच नाही. मग त्यांच्या ध्यानात आलं की उताण्या डाव्या हाताचा अंगठा डाव्या अंगाला असतो. झालं! आधी दाणे बघायचेच नाहीत, अंगठा शोधायचा. मान वळवत जायचं ती अंगठा दिसेपर्यंत, आणि मग तिथून उजवीकडे येत एकेक दाणा बघायचा. मोंढ्यात त्यांनी जन्मभर हात पाहिला होता, पण अंगठा कधी पाहिला नव्हता. संगमेश्वर मुद्दाम खडे मिसळून द्यायचा आणि रेवणप्पा ते वेचून काढायचे. एखादा राहिला तर स्वतःवरच चिडायचे.

आणि एका सकाळी पूजेला बसलेले रेवणप्पा बराच वेळ बाहेर आले नाहीत. बाई डोकावल्या. डाव्या तळहातावर लिंग होतं, आणि रेवणप्पांच्या गालावरून पाणी वाहत होतं.

"शिवगंगे," ते म्हणाले. त्या दारात उभ्या आहेत हे त्यांना पावलांवरून कळलं असावं. "आज अंगठा धरून आलो. पुरं दिसलं बग. इतके दिवस मी निम्म्या लिंगाची पूजा करून राहिलो होतो, आन मला ठावं न्हवतं."

त्यांनी लिंग परत गळ्यात घालून त्याला नमस्कार केला. मग तेच जोडलेले हात डोक्याच्या मागच्या बाजूला नेऊन टेकवले. बाईंनी विचारलं, हे काय. "त्या मागल्या मंडळीला शरणार्थ," रेवणप्पा गंभीरपणे म्हणाले. "निम्म्या मानसांत काम रेटून राहिलेत बिचारे." बाहेर आले तेव्हा भस्माच्या तिन्ही रेघा या टोकापासून त्या टोकापर्यंत गेल्या होत्या, जरा वाकड्या, पण पुऱ्या. बाईंचा अंगठा सवयीनं पुढे झाला होता. त्याला आता काही काम उरलं नव्हतं. क्षणभर बाईंना उगाच चुकल्यासारखं झालं, आणि मग त्यांनी तोच अंगठा स्वतःच्या कपाळाला लावला.

पण बाईंची मोठी परीक्षा अजून व्हायची होती. अंगठा आपल्याच हाताचा, तो सापडणारच. ताट वाजवलं तर ताटही सापडतं. आवाज न देता, खूण न करता हा माणूस आपल्यापर्यंत येईल का? येणार नसेल तर उरलेलं आयुष्य ताट वाजवत काढायचं, त्याचीही त्यांनी तयारी केली होती. तरी एकदा बघायचंच, असं ठरवून त्या दिवशी त्या जेवणाला येऊन बसल्या त्या हातातल्या बांगड्या वर सारून, किणकिणू नयेत म्हणून. सृष्टीनं ताट वाढलं, यावेळी सुलट, आणि ती आत गेली. बाई नेहमीच्या जागी श्वास रोखून बसल्या.

रेवणप्पांनी भाजी घेतली. आमटी ओरपली. भाकरीचा उजवा अर्धा खाल्ला. हात थांबला. बाईंना वाटलं, आता उठतील. पण त्यांची मान हळूच वळायला लागली. कोशिंबीर सापडली. चटणी सापडली. लिंबू, मग मीठ. चिमूटभर मीठ त्यांनी भाकरीच्या डाव्या अर्ध्यावर टाकलं. तिथं ताट संपलं, आणि आजवर त्यांची मजल फार तर तिथवरच गेली होती. आज मान थांबली नाही. ताटाच्या कडेवरून ती चटईवर आली, चटईवरून पाण्याच्या तांब्यावर, तांब्यावरून लुगड्याच्या काठावर, तिथून वर सारलेल्या बांगड्यांवर. आणि मग रेवणप्पांनी बायकोच्या चेहऱ्याकडे पाहिलं, सरळ, डोळ्याला डोळा देऊन.

"आँ?" ते दचकले. "कवापासून बसलीस हितं?"

"लगीन झाल्यापासून," शिवगंगाबाई म्हणाल्या. मग त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं आणि त्या पाण्यातून नवरा त्यांना नीट दिसेनासा झाला.

रेवणप्पा काही वेळ तसेच बघत राहिले, मान दुखेपर्यंत. मग त्यांनी भाकरीचा तो डावा अर्धा उचलला, त्यावर चटणी ठेवली आणि बायकोच्या हातावर दिला.

"मग जेव की," ते म्हणाले. "माझं ऱ्हायलेलं उष्टं मागून खातीस रोज. आता दिसून राहिलंय मला समदं."